घरखर्च, दुसरी प्रत

बसूनं बसवून दिलं ते. शनिवारी, चहा न पिताच.
"दोन्हीकडं एकच दिसतंय बघा, अक्का.
मध्ये कोण नाही. खरं एक,
दोन्ही जागे पाहिजेत. त्याचा फोन, तुमचा कंप्युटर.
एक झोपला की दुसरा वाट बघत बसतोय."
आणि कानडीत, स्वतःशीच : "आय्तु."

तेव्हापासून रात्री शटर ओढते,
खरं कंप्युटर बंद करत नाही.
खानापुरात, तहसीलदार कचेरीसमोर,
दिवसभर लोकांच्या पहाण्या छापते,
कानडीतल्या ओळी मराठीत वाचून दाखवते :
सर्वे नंबर, गुंठे,
खातेदाराचं चुकलेलं आडनाव.
रात्री त्याच टेबलावर
एक हिरवा ठिपका जागा असतो.

रवळू म्हापशात, बेकरीत. फोन कमी करतो.
खरं त्याचं कायकाय येऊन पडतं.
खोलीभाड्याची पावती. मैद्याच्या पोत्यांचा हिशेब.
चुकून निघालेला स्वतःच्या चपलेचा फोटो.
एकदा भाजलेलं मनगट.
ते मी नीट बघेपर्यंत
त्यानं तिकडून पुसलं,
इकडूनही गेलं.

सुट्टीला निघाला की चोर्ल्याच्या जंगलात
गाडी शिरते आणि ठिपका राखाडी होतो.
दीड तास तो कुठंच नसतो.
मग जांबोटीला रेंज मिळते,
तीनचार फायली धापा टाकत येतात,
आणि मी आईला सांगते, भात लाव.

वही आमच्यात एकच. नाव 'घरखर्च'.
तो पाठवतो ते वर, मी खर्चते ते खाली.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याचं झालं, बेळगावला.
रात्री मी लिहिलं : १८४००.
बघत बसले.
मागं जाऊन पहिला एक काढला.
८४००.
उरलेल्याचं पतसंस्थेत बोलून ठेवलं होतं.
एवढासा एक,
काढताना बोटाला कळतसुद्धा नाही.

सकाळी वह्या दोन.
एक 'घरखर्च'. तिच्याखाली पुन्हा 'घरखर्च',
पुढं रवळूच्या फोनचं नाव, कालची तारीख,
रात्रीचे अकरा बारा.

बसूला विचारलं. म्हणाला, "दोघांनी एकदम हात लावला की असंच.
कोणाचं खरं ते त्याला कळत नाही, अक्का.
दोन्ही ठेवतंय."

शेजारी शेजारी उघडल्या.
त्याच्या वहीत दवाखान्याची ओळ रिकामी.
वर, त्याच्या पगारापुढं,
गेली दोन वर्षं १४००० असायचे,
तिथं २४०००.
बाजूला टिपण : पगार वाढला. आईचं बघ.

बेकरीत पगार असा वाढत नाही,
एका रात्रीत, पावासारखा.
आईनं फोनवर आकडा सांगितला असणार,
तिला गुपित ठेवता येत नाही, डोळ्यावर पट्टी असली तरी.
कुणाकडून उचलले असतील त्यानं?
शेटकडून? त्या केरळच्या भट्टीवाल्याकडून?
आणि मी काल रात्री, त्याच वेळी,
तोच एक खोडत होते.

पडद्यावर प्रश्न : कुठली ठेवायची?
आमच्या बोलीत 'पण'लाही 'खरं'च म्हणतात.
पैसे आहेत, खरं नाहीत.
बरा आहे, खरं बरा नाही.
हे त्या मशीनला कोण सांगणार.

बोट तसंच बटणावर होतं
तेवढ्यात नंदगडचा एक म्हातारा आला,
पहाणीचा कागद पुढं केला,
"वाच की पोरी तेवढं. माझंच नाव हाय नव्हं?"

वाचलं.
"तुमचंच आहे, मामा," म्हटलं,
"एका अक्षराची चूक आहे."
तो म्हणाला, "असू दे की. जमीन तीच हाय."

दोन्ही वह्या उघड्या ठेवून
मी त्याला सुट्टे शोधायला लागले.
ठिपका हिरवा होता.
तिकडं तोही जागाच होता.